वाईचा घाट आणि वाईचे कागद

काशी-रामेश्वराला जायचे तर माणूस महिनाभर आधी तयारीला लागतो. जवळच्या गावाला तो सहज जातो आणि सहजच परत येतो. पुणेकरांना वाई हे असे जवळचे गाव आहे. खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरच्या फाट्यावर वळले की थोड्याच वेळात कृष्णा दिसू लागते. दोन दिवसांची सवड काढून आम्ही तेथे गेलो, तेव्हा घाट पाहावे, ढोल्या गणपतीला नमस्कार करावा आणि परतावे, एवढाच आमचा बेत होता.

गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ च्या सुमारास बांधले. देवळाची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची, निमुळती केली आहे. पुराचे पाणी तिच्यावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. नदीशी कसे वागावे, हे त्या गवंड्यांना चांगले ठाऊक होते.

परंतु १७६२ हा आकडा ऐकून आम्ही थबकलो. आदल्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले होते. तेथे पडलेले विश्वासराव हे रास्त्यांचे भाचे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या भिकाजी नाईक रास्ते यांच्या कन्या, म्हणजे देऊळ बांधणाराच्या भगिनी. त्या घराने केवढा घाव सोसला असेल! देवळाच्या दगडात मात्र त्याची खूण आम्हांला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेणवलीला गेलो. तेथे कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे, घाट आहे, मेणेश्वराचे देऊळ आहे आणि देवळापाशी एक भली मोठी घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही आठवण. तरुणपणी नाना स्वतः पानिपतावर होते. ते जीव वाचवून परतले. त्यांच्या मातोश्री परतल्या नाहीत. विजयाची आठवण अशी टांगून ठेवता येते. पराजयाची कोठे ठेवावी?

ती कागदांत राहिली, आणि तेही याच गावात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला. पानिपतापर्यंतच्या काळाची त्यातील पत्रे त्यांना वाईतल्याच एका घराण्याच्या दप्तरात मिळाली होती. तोवर पानिपत आपण पुष्कळसे बखरींतून ऐकत होतो. आता त्या काळच्या माणसांची स्वतःची पत्रे हाती आली. मेणवलीच्या वाड्यातही नानांचे दप्तर होते. फडणीस म्हणजे राज्याचा हिशेब ठेवणारा. दौलतीचा बराचसा कागद त्याच्या हाताखालून जाणार. ते दप्तर रावबहादूर पारसनिसांनी अभ्यासकांपुढे आणले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच वाईत बसून धर्मकोश आणि मराठी विश्वकोश यांचे काम चालविले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. कागद जपणारे गाव म्हणून वाईची ही कीर्ती आम्हांला घाटांच्या कीर्तीहून कमी वाटत नाही.

मात्र वाईची ती पत्रे वाचली, कारण कोणीतरी ती टाकून दिली नाहीत. त्या घरात ती सांभाळणारी माणसे काही सगळीच इतिहासकार नव्हती. ‘वाडवडिलांचे आहे, असू द्या,’ एवढ्या एका भावनेवर इतिहासाचे केवढे धन तगून राहिले!

घरी परतल्यावर आम्ही माळ्यावरचे दोन रुमाल खाली काढले. मोडी आम्हांला वाचता येत नाही. एका रुमालाची कड वाळवीने खाल्ली होती. आणखी दहा वर्षांनी तो सबंध राहिला असता, असे म्हणवत नाही. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी असे रुमाल असतील. पुण्यात राजवाड्यांनीच १९१० साली उभे केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वाईला जरूर जावे; पण रुमाल रद्दीवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याच्या डोळ्यांखालून घालावा, एवढीच विनंती.