लेखणी बाईंची, गोष्ट मुलाची

मुलांना गोष्टी सांगाव्यात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. त्यांची गोष्ट ऐकावी, हे मात्र क्वचितच सुचले. शिकागोच्या बालवर्गात व्हिव्हियन पेली (१९२९–२०१९) या शिक्षिकेने तेच केले. मूल सांगे, बाई त्याच्याच शब्दांत उतरवून घेत. मग सारा वर्ग त्या गोष्टीचे नाटक करी. १९८१ च्या ‘वॉलीज स्टोरीज’ या पुस्तकात त्यांनी हा अनुभव मांडला. १९९० च्या दुसऱ्या पुस्तकात, हेलिकॉप्टर बनून एकटाच राहणारा मुलगा अशाच खेळातून हळूहळू सवंगड्यांत येतो. अक्षरे घोटवून घेण्याच्या घाईत हा खेळ बुडाला, तर आपण मुलाची वाणीच हिरावून घेऊ, असे आम्हांस वाटते.