खूप केलंस, आता बस

मंडळी, परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला होता. बोलता बोलता त्याला कळलं की मी अजून रोज सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर चालायला जाते. "काकी, सत्तरी उलटली. खूप केलंत, आता जरा बसा की," म्हणाला. माया होती त्याच्या बोलण्यात. पण फोन ठेवला आणि मला माझी आते आठवली.

आते आमच्याच घरी असायची. जन्मभर विहिरीचं पाणी शेंदलं, जात्यावर दळलं, पावसाळ्याआधी माडाची झापं विणली. सत्तरीला आली तेव्हा एकदा न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार. पण आम्ही सगळ्यांनी तिला खाटेवरून हलू दिलं नाही. पाणी हातात, जेवण हातात. पहिले काही दिवस ती म्हणायची, "माका उठाक दी गो." आम्ही म्हणायचो, "खूप केलंस, आता गप बस." दोन महिन्यांनी तिला उठवायला गेलो तर पाय साथ देईनात. त्यानंतर ती स्वतःच्या पायांवर चाललीच नाही. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, चार पुस्तकं वाचलेली होते. पण आपलं काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

निवृत्तीनंतर मला मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि चाला. 'आणि चाला' हे मला औषधाच्या चिठ्ठीवर शोभेसाठी लिहिल्यासारखं वाटलं होतं. मग मास्तरकीची खोड म्हणा, मी याचा मागोवा घ्यायला लागले. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगते.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या उपचारात चालण्याचा सल्ला आहे, आणि तोही कसा! ज्याच्याकडे पैसा नाही, ज्याला आप्त नाहीत, त्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षा मागत शंभर योजनं चालावं. कुणी गाईंच्या मागे हिंडावं, कुणी शेत नांगरावं, नाहीतर विहीर खणावी. आणि लगेच पुढे बजावलंय की रोगी कृश असेल तर मात्र त्याला जपा. म्हणजे एकच काठी सगळ्यांना लावलेली नाही. त्याच ग्रंथात व्यायाम अर्ध्या शक्तीइतकाच करावा असंही सांगितलंय. आजचे डॉक्टर सांगतात, चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागावा. दोन्हींचा अर्थ फारसा वेगळा नाही.

पण मधल्या काळात आपल्याकडे व्यायाम म्हणजे तालीम, आणि तालीम म्हणजे तरुण पुरुष, असंच समीकरण होऊन बसलं. कुस्ती, मल्लखांब, दांडपट्टा. पुढे इंग्रजांच्या राज्यात त्याला देशकार्याची जोड मिळाली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. फार मोठं काम झालं या लोकांच्या हातून. पण त्यात माझ्या आतेला जागा नव्हती, आणि आजाऱ्याला तर नव्हतीच.

हे दार मोठ्या प्रमाणावर उघडलं ते सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजांनी. भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८. हे गृहस्थ आधी युजिन सँडो या जगप्रसिद्ध पहिलवानाचे भक्त. त्याची उपकरणं मागवून वर्षानुवर्षं व्यायाम केला. मग १९०८च्या सुमाराला मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्कार धरले आणि ते पुन्हा सोडले नाहीत. आपल्या संस्थानातल्या शाळांतून मुलगे आणि मुली दोघांनाही नमस्कार घालायला लावले. राणीसाहेबही घालत. उपकरण नको, पैसा नको, चटईएवढी जागा पुरे. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं, त्यात बायकांचा मुद्दाम विचार होता. सँडो अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला, भवानराव १९५१ साली, ब्याऐंशीव्या. अर्थात दोन माणसांवरून सिद्धांत काढायचा नसतो, हे मी वर्गात शिकवत आले, तेव्हा इथेही तो काढत नाही.

सिद्धांतासाठी मोजमाप लागतं. ते आपल्याकडे सुरू केलं स्वामी कुवलयानंदांनी. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याच्या माणिकरावांचे शिष्य. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी पाहिलं, आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. आसनं रोग्यावर उपचार म्हणून वापरायची तर आधी तपासून घ्यायची, हा त्यांचा आग्रह.

पण साध्या हालचालीचा हिशेब जगाला पटला तो लंडनच्या बसमुळे. जेरी मॉरिस या डॉक्टरने दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हृदयविकाराच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली प्रसिद्ध केल्या. दोघे एकाच बसमधले, एकाच शहरातले. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. लोक म्हणाले, जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील. तर या गृहस्थाने त्यांच्या गणवेशाच्या विजारींची मापंसुद्धा तपासली! ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली खरी, पण नुसत्या जाडीवरून सगळा फरक उलगडेना. टपाल वाटणारे पोस्टमन आणि बैठे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. मॉरिस स्वतः २००९ साली वारले, नव्व्याण्णवाव्या वर्षी.

माझ्या मधुमेहाचंही उत्तर मिळालं. स्नायू काम करायला लागला की तो रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो. २००२ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना बेताचा आहार आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं अशी शिस्त लावली, तर सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गोळीने ३१ टक्क्यांनीच घटलं. आणि सर्वांत जास्त फायदा कुणाला? साठीच्या पुढच्यांना, ७१ टक्के! चेन्नईला आपल्या लोकांवर असाच प्रयोग झाला, त्याचे आकडे २००६ साली आले. तिथे घट २८.५ टक्के. कमी आहे, पण आहे.

आणि ज्याने मला रात्री झोप लागू दिली नाही तो प्रयोग १९९०चा, बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला. वयं ८६ ते ९६. त्यांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतल्या माणसांची, मंडळी! आते तर जेमतेम सत्तरीची होती.

आता जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना चालण्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते. म्हणून हल्ली मी चालून आले की तुळशीवृंदावनाला एक हात लावून एका पायावर उभी राहते. शेजारीण हसते. हसू दे.

जपून करावं हेही खरं. एकदा सकाळी गोळी घेऊन तशीच उपाशी निघाले आणि वाळूत चक्कर येऊन बसले. रापण ओढणाऱ्या मंडळींनी चहा पाजला, भरपूर साखरेचा. तेव्हापासून पदराला खडीसाखरेची पुडी असते. छातीत दुखत असेल, गुडघे सुजले असतील, तर आधी डॉक्टर, मग किनारा. आणि कष्ट म्हणजे व्यायाम असंही नाही. डोक्यावर माशांच्या पाट्या वाहून मान आणि गुडघे गेलेल्या बायका मी इथे पाहिल्यात. त्यांना विसावाही हवाच होता.

आता एक कबुली देते. शाळेत असताना दहावीचा पीटीचा तास मी व्याकरणासाठी मागून घ्यायचे. सर बिचारे नाही म्हणत नसत. आणि एक दम्याची मुलगी होती माझ्या वर्गात. तिला मी कधीच पळू दिलं नाही. आंब्याखाली बसवायचे आणि खो-खोचे गुण मांडायला द्यायचे. तिने ते काम मन लावून केलं, सलग तीन वर्षं. दमा औषधांनी नीट ताब्यात असेल तर मुलांनी खेळावं, असं आज डॉक्टर सांगतात. मला वाटायचं, मी तिची काळजी घेतेय.

मुलगी, आजारी, म्हातारी. आपण ज्यांच्यावर माया करतो त्यांनाच आधी बसवतो. राग आला तर निदान कामाला तरी लावतो!

असो. पुतण्याला मी उलट विचारलं, तू दिवसाचे किती तास खुर्चीत असतोस? तो गप्प. म्हटलं, मग आधी तू ऊठ.

आणि घरच्या सगळ्यांना एक सांगून ठेवते. उद्या मी कुठे घसरले, पडले, तर डॉक्टरांनी हो म्हटल्या दिवशीच मला उभं करा. मी कुरकुर करीन, कदाचित ओरडेनसुद्धा. ऐकू नका.