गाठीच्या शिरा

शस्त्रवैद्याच्या हाताला जे कळते ते सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या पंडिताला पुष्कळदा कळत नाही. कॅन्सरच्या गाठीचा रक्तपुरवठा हा याचा चांगला दाखला होय. जिवंत शरीरातून काढताना गाठ रक्ताने भिजलेली असते. हात लावावा तिथून रक्त वाहते. तीच बाटलीतून प्रयोगशाळेत गेली की पांढरीफटक पडते. मग त्या शिरा म्हणजे नुसती दाहाची खूण, असे म्हणून विषय संपविणे सोपे जाई.

जूडा फोकमन हा अमेरिकन शस्त्रवैद्य १९६० नंतरच्या एकदोन वर्षांत बेथेस्डा येथे नौदलाच्या सेवेत होता. लांबच्या सफरीत रक्त टिकत नाही, त्याऐवजी दुसरा कोणता द्रव चालेल, हे तो व फ्रेडरिक बेकर शोधीत होते. त्या द्रवावर त्यांनी प्राण्यांच्या थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर जगविल्या आणि त्यांत उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एकदोन मिलिमीटरच्या होऊन थांबल्या. मेल्या मात्र नाहीत. उंदराच्या अंगात परत घालताच त्या फोफावल्या. ग्रंथीत नव्या शिरा फुटल्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक!

शिरेतला प्राणवायू मिलिमीटरच्या एकदोन दशांशापलीकडे झिरपत नाही. म्हणून गाठ रसायन सोडून शेजारच्या शिरांना अंकुर फोडावयास लावते, ते रसायन अडविले तर ती टाचणीच्या डोक्याएवढीच राहील, असे फोकमनने १९७१ साली मांडले. फार थोड्यांना ते पटले. पुढच्याच वर्षी त्याच्या प्रयोगशाळेने सशाच्या डोळ्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. डोळ्याच्या पुढल्या भागातील पाण्यात तरंगत ठेवलेला गाठीचा तुकडा जिवंत, पण बारीकच राहिला. तसाच तुकडा बुबुळाला टेकविला तेव्हा शिरा आत शिरल्या आणि तो हजारो पटींनी वाढला. आमच्या मते या साऱ्या इतिहासात याहून बोलका पुरावा नाही.

या शिरा घाईत बांधलेल्या, गळक्या असतात. गाठीला अन्न आणणारी वाट तिच्या पेशींना बाहेर पडण्याचीही वाट होते. सुदैवाने त्यांतील बहुतेक वाटेतच मरतात. उरलेल्या कोठे रुजतात? लंडनच्या स्टीफन पॅजेटने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. यकृतात गाठी पुष्कळ, प्लीहेत अगदी थोड्या. रक्त तर दोहोंकडे जाते! त्याने बी आणि जमीन यांचा दृष्टान्त दिला. आपल्याकडील शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. पाण्याची गोष्ट मात्र पॅजेटच्या काळी कोणी काढली नव्हती.

एक कोडे शस्त्रवैद्यांना फार दिवस छळीत होते. मोठी गाठ काढावी आणि दूरच्या बारीक गाठी एकाएकी वाढाव्यात, असे कधीकधी का होते? फोकमनच्या प्रयोगशाळेत मायकेल ओरायलीने गाठ असलेल्या उंदरांचे मूत्र गोळा करून त्यातून शिरांची वाढ रोखणारे द्रव्य काढले. ते १९९४ साली प्रसिद्ध झाले. थोरली गाठ धाकट्यांना उपाशी ठेवीत होती!

पुढे बोभाटा झाला. १९९८ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात पहिल्या पानावर बातमी आली आणि रुग्णांनी डॉक्टरांना भंडावून सोडले. उंदीर बरे झाले होते, माणसे नव्हेत. २००४ साली अमेरिकेत मान्य झालेल्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाने पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांचे आयुष्य, इतर औषधांच्या जोडीने, सरासरी पावणेपाच महिन्यांनी वाढले. स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलेली मान्यता २०११ साली काढून घेण्यात आली. पाणी तोडले की गाठ दुसरी वाट काढते, हे तोवर ध्यानात आले होते. पण ज्या घरी रोगी आहे तेथे पाच महिन्यांना अल्प म्हणावयास आम्ही धजणार नाही.

फोकमन २००८ साली वारला. वृद्धांच्या डोळ्यात पडद्यामागे नको त्या शिरा वाढून दृष्टी जाते. तेच औषध आज आपल्याकडील नेत्रवैद्यही त्या डोळ्यात टोचतात, आणि कित्येकांची दृष्टी त्याने वाचली आहे.