दिनविशेष, ११ मे : काळ्या पट्ट्यांचा गीतकार

गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिन यांचा जन्म ११ मे १८८८ रोजी रशियन साम्राज्यातल्या एका गरीब ज्यू घरात झाला. १८९३मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडील लवकर गेले, आणि हा मुलगा किशोरवयातच गाऊन पोट भरू लागला. पुढे तो चायनाटाउनमधल्या कॅफेत गाणारा वेटर झाला.

१९०७मध्ये पहिले गीत छापले गेले. १९११च्या ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ने त्यांचे नाव अटलांटिकपलीकडे नेले.

थक्क करणारी गोष्ट अशी, की त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. पियानोवर ते मुख्यतः काळ्या पट्ट्याच वाजवत. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर त्यांचा सूर कायम ‘काळी तीन’! दुसरा सूर हवा असला, की खास बनवलेल्या पियानोचा दांडा सरकवायचा. चाल लिहून घ्यायला सहायक असे. शब्द मात्र त्यांचे स्वतःचे, आणि इतके साधे, की रस्त्यावरच्या माणसाने एकदा ऐकून उचलावेत. त्यांची खरी थोरवी इथेच आहे.

१९१८मध्ये सैन्यात असताना लिहिलेले ‘गॉड ब्लेस अमेरिका’ वीस वर्षे पडून होते. १९३८मध्ये केट स्मिथ यांनी ते रेडिओवर गायले. त्याचे उत्पन्न बर्लिन यांनी बालवीर आणि वीरबाला संघटनांना देऊन टाकले.