मैलाचा हिशेब किलोमीटरात

वडिलांच्या जुन्या बुलेटचा मीटर बंद पडला म्हणून नवा आणला. जुना मैलाचा, आकडा ३८,४००. नवा किलोमीटरचा, आकडा शून्य. मेस्त्री म्हणाला, "राहू द्या की, गाडी कमी पळाल्यासारखी दिसंल."

हा मैलाचा घोळ जुना आहे. १९५५ ला मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली तेव्हा भाग इंग्लंडहून यायचे आणि आपले रस्तेही मैलात मोजायचे. १९५६ ला वजन-मापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक पद्धत आली. शेर जाऊन किलो आला, मैल जाऊन किलोमीटर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, तोंडात मात्र एकर-गुंठेच राहिले.

जुन्या डायलवर बारीक १६०० लिहिलंय, म्हणजे मैलाला केबलचे १६०० फेरे. नव्यावर १०००, किलोमीटरला. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, म्हणून दोन्ही जवळपास सारखेच. केबल आणि चाकाकडचा गिअर तोच चालला.

३८,४०० मैलांचे झाले सुमारे ६१,८०० किलोमीटर. बसवायच्या आधीच मीटर उघडून आकड्यांची चाकं तिथं आणली. तारीख, जुना आकडा, नवा आकडा वहीत लिहिला. मग रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर दहा किलोमीटर पडताळून बघितलं.

शून्यावर ठेवला असता तर उद्या घेणारा फसला असता, आणि वडिलांची सगळी धावपळ पुसली गेली असती. जमिनीला फेरफार लागतो, तशी मीटर बदलल्याचीही नोंद पाहिजे.