ढगांचा हिशेब आणि मागे राहिलेली नावं

डिसेंबरात रात्री आभाळ भरून आलं की गारठा कमी होतो आणि निरभ्र रात्री दातावर दात वाजतात. मे महिन्यात मात्र भर दुपारी सूर्याआड ढग आला की जिवाला बरं वाटतं. म्हणजे तोच ढग दिवसा छत्री आणि रात्री गोधडी. शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक आहे. पण छत्री किती आणि गोधडी किती, याचा हिशेब मांडायला माणसाला काही शतकं लागली. वर्गात आपण मुलांना तयार उत्तर देतो: जलचक्राची आकृती, हरितगृह परिणामाची व्याख्या. हिशेब कोणी मांडला, हे मात्र सांगत नाही.

सुरुवात आकाशाच्या उंचीपासून करू. अकराव्या शतकात, अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण स्पेनमध्ये, इब्न मुआझ अल-जय्यानी नावाचे काझी आणि गणिती होते. सूर्य मावळल्यावरही काही वेळ उजेड राहतो, कारण वरची हवा सूर्याचा प्रकाश आपल्याकडे वळवते. सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेल्यावर हा संधिप्रकाश संपतो, यावरून त्यांनी वातावरणाची उंची काढली: त्या काळच्या मापाने सुमारे ५२ मैल. फज्र आणि इशाच्या नमाजांच्या वेळा याच उजेडावर ठरतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या समाजाच्या रोजच्या जगण्यातला होता. पुढे या पुस्तिकेचं लॅटिन भाषांतर झालं आणि ती इब्न अल-हैसम यांच्या नावावर गेली. लेखक वेगळाच आहे, हे १९६७ मध्ये अब्दुलहमीद साबरा यांनी दाखवून दिलं. मोठ्या नावाच्या सावलीत लहान नाव असं झाकलं जातं.

ढगांना शास्त्रीय नावं मिळाली ती लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषध व्यावसायिकाकडून. १८०२ मध्ये एका छोट्या मंडळासमोर व्याख्यान देताना त्यांनी ढगांचे तीन मुख्य प्रकार मांडले: पिसांसारखे सिरस, ढिगासारखे क्युम्युलस, थरांचे स्ट्रेटस. मी भाषा शिकवतो, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. उर्दूत बादल आहे, अब्र आहे, घटा आहे. मराठीत ढग, मेघ, आभाळ. पण दोन गावांतल्या दोन माणसांनी एकाच ढगाला एकच नाव दिल्याशिवाय नोंदींची तुलना होत नाही. हॉवर्ड यांच्यामुळे ती शक्य झाली.

आता गोधडीकडे येऊ. अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ते उन्हात ठेवले आणि तापमापकाने मोजले. कोरड्या हवेपेक्षा दमट हवा जास्त तापली आणि कार्बन डायऑक्साइड सर्वांत जास्त. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, असा अर्थ त्यांनी स्वतःच काढला. २३ ऑगस्ट १८५६ रोजी आल्बनी शहरातल्या विज्ञान परिषदेत त्यांचा निबंध वाचला गेला. तो वाचला जोसेफ हेन्री यांनी. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी अधिक चांगली उपकरणं वापरून पृथ्वीकडून परत जाणारी, डोळ्यांना न दिसणारी उष्णता हे वायू आणि पाण्याची वाफ कशी अडवतात, ते मोजलं. ते काम फूट यांच्या प्रयोगात होणं शक्य नव्हतं, म्हणून टिंडल यांचा मान खराच आहे. पण पाठ्यपुस्तकांत टिंडल राहिले आणि फूट दीडशे वर्षं विस्मरणात गेल्या.

ढगात आणखी एक ऊर्जा दडलेली असते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते. हजार वॅटची इस्त्री साधारण चाळीस मिनिटं चालवावी तेवढी. वाफेचा ढग होताना ती उष्णता वरच्या हवेत मोकळी होते. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आता कोकणातला एक पावसाळा मुलांना फळ्यावर मोजायला लावा. समुद्रावर पडलेलं ऊन मान्सून आपल्या डोक्यावर कसं आणून सोडतो, हे व्याख्या पाठ न करता कळतं.

या हिशेबाची एक वही आपल्या पुण्यातही लिहिली गेली. ॲना मणी यांचा जन्म केरळच्या पीरमेडचा, १९१८ चा. शोधनिबंध प्रसिद्ध होऊनही पदव्युत्तर पदवी नाही म्हणून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, उपकरणं देशातच बनवायला लावली, आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने देशभर सौरऊर्जा मोजणारी केंद्रं उभारली. मापं चुकीची घेण्यापेक्षा न घेतलेली बरी, असा त्यांचा बाणा होता.

शेवटी छत्री आणि गोधडी एकाच तराजूत घातली ती उपग्रहांनी. १९८९ मध्ये भारतात जन्मलेले वीरभद्रन रामनाथन आणि सहकाऱ्यांनी एप्रिल १९८५ च्या नोंदींवरून आकडे दिले: ढग सूर्याची ऊर्जा परतवून दर चौरस मीटरला सुमारे ४४.५ वॅट वाचवतात आणि पृथ्वीची उष्णता अडवून सुमारे ३१.३ वॅट राखून ठेवतात. म्हणजे छत्री जड, सुमारे १३ वॅटनी. पण पृथ्वी तापत जाईल तशी ही छत्री विरेल की नाही, हा प्रश्न आजच्या हवामानशास्त्रातल्या अवघड प्रश्नांपैकी एक आहे.

आपल्या समाजात दोन सवयी दिसतात. एक म्हणते, सगळं ज्ञान आमच्या पूर्वजांकडे होतंच. दुसरी म्हणते, आमच्याकडे काहीच नव्हतं. ढगांची ही कहाणी दोघांनाही खोटं ठरवते. काझी, औषधवाला, व्यासपीठावर स्वतः न बोललेली बाई, डॉक्टरेट न मिळालेली बाई, प्रत्येकाने हिशेबाची एकेक ओळ लिहिली. उर्दू शाळेतल्या मागच्या बाकावरच्या मुलीला हे सांगणं मला धड्याचाच भाग वाटतो. जूनमध्ये तिच्या हाती वही द्या आणि रोज आभाळ बघून तारीख, वेळ, ढगाचा प्रकार आणि तापमान लिहायला सांगा. आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव ठळक लिहायला लावा.