उमेदवाराचा धर्म आणि मतदाराचा विवेक

अमेरिकेत दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात अध्यक्षाची निवडणूक होते. त्याआधी कित्येक महिने उमेदवारांविषयी चर्चा चालते. कोणाचे धोरण हिताचे, कोणाचा अनुभव दांडगा, कोण दिल्या शब्दाला जागणारा, हे प्रश्न त्या चर्चेत येतातच. परंतु आणखी एक प्रश्न त्या देशात दोनशेहून अधिक वर्षे पुनःपुन्हा विचारला गेला आहे. तो म्हणजे, उमेदवाराचा धर्म कोणता? या वादाचा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. कारण त्याच्या अगदी पहिल्या फेरीत, जेव्हा तेथे एकही मुसलमान उमेदवार नव्हता तेव्हाच, मुसलमानांचे नाव घेतले गेले होते.

घटनेतील एक वाक्य

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया शहरात अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. दक्षिण कॅरोलिनाचे चार्ल्स पिंकनी यांनी तीत एक तरतूद सुचविली आणि ती सहाव्या कलमात समाविष्ट झाली. संयुक्त संस्थानांच्या कोणत्याही अधिकारपदासाठी धर्माची अट कधीही घातली जाणार नाही, असा तिचा आशय आहे. अध्यक्षाच्या शपथेतही 'शपथ घेतो' किंवा 'दृढकथन करतो' असे दोन पर्याय ठेवण्यात आले, कारण क्वेकर पंथाच्या लोकांना शपथ घेणे निषिद्ध वाटे.

आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. परंतु त्या काळी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत अधिकारपदासाठी धर्माची अट होती. उत्तर कॅरोलिनाच्या १७७६ च्या घटनेनुसार प्रॉटेस्टंट धर्माचे सत्य नाकारणाऱ्यास तेथे अधिकारपद मिळत नसे. साहजिकच नव्या घटनेला मान्यता देण्यासाठी १७८८ च्या जुलैत हिल्सबरो येथे त्या राज्याचे प्रतिनिधी जमले, तेव्हा या वाक्यावरून वाद पेटला. हेन्री अ‍ॅबट या सभासदाने लोकांच्या मनातील भीती बोलून दाखविली. अट नसेल तर मूर्तिपूजक, डीइस्ट मताचे लोक आणि मुसलमान यांनाही पदे मिळतील, असे लोकांना वाटत होते. विल्यम लँकेस्टर तर म्हणाले, की चारशे-पाचशे वर्षांनी काय होईल हे कोणी सांगावे? एखादा कॅथॉलिक त्या खुर्चीवर बसेल, एखादा मुसलमानही बसेल.

याला उत्तर दिले ते जेम्स आयर्डेल या छत्तीस वर्षांच्या वकिलाने. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांचा मुद्दा सरळ होता. ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण एवढा आग्रह धरतो, त्याच तत्त्वाला हरताळ फासल्यावाचून कोणत्याही एका गटाला बाहेर कसे ठेवता येईल? मात्र त्याच भाषणात त्यांनी असेही सांगितले, की आपल्याहून फार वेगळा धर्म असणाऱ्याच्या हाती अमेरिकन जनता आपले हक्क सोपवील असे समजण्याचे कारण नाही. म्हणजे दार उघडे ठेवायचे, पण त्यातून कोणी आत येईल अशी अपेक्षा मात्र धरायची नाही! कायद्याचे दार आणि समाजाचे मन यांतील हे अंतर ध्यानात ठेवावे. पुढचा सारा इतिहास हे अंतर कमी होण्याचा इतिहास आहे.

त्या सभागृहातील कित्येक सभासद गुलामांचे मालक होते, आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांत मुसलमानही होते. पुढे १८०७ साली चार्ल्स्टन बंदरात उमर इब्न सय्यद हा पश्चिम आफ्रिकेतील सुशिक्षित मुसलमान गुलाम म्हणून उतरविला गेला. तो मालकाकडून पळाला, उत्तर कॅरोलिनात फेएटव्हिल येथे पकडला गेला आणि तुरुंगाच्या भिंतींवर त्याने अरबी अक्षरे लिहिली. १८३१ मध्ये त्याने अरबीत आपले आत्मवृत्त लिहिले. त्याचा आरंभ सूरह मुल्कने होतो. ज्या राज्यात मुसलमान अध्यक्षाच्या कल्पनेने लोक धास्तावले होते, त्याच राज्यात एक मुसलमान गुलाम म्हणून जगत होता. मतदानाचा हक्क त्याला नव्हता, परंतु त्याची विद्या मात्र कोणी हिरावून घेऊ शकले नाही.

जेफरसन आणि एक कुराण

१८०० सालची निवडणूक जॉन अ‍ॅडम्स व थॉमस जेफरसन यांच्यात झाली. जेफरसन यांच्यावर विरोधकांनी नास्तिकपणाचा आरोप ठेवला. धर्मोपदेशकांनी त्यांच्याविरुद्ध पत्रके काढली. असा मनुष्य निवडून आला तर देशावर ईश्वरी कोप होईल, इथवर प्रचार गेला. जेफरसन यांचा अपराध काय होता? व्हर्जिनिया राज्यासाठी त्यांनी धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिला होता आणि तो १७८६ मध्ये संमत झाला होता. त्यात एका शब्दाची भर घालून तो ख्रिस्ती धर्मापुरता मर्यादित करण्याचा प्रयत्न फसला. आपल्या आत्मवृत्तात जेफरसन लिहितात, की या कायद्याचे संरक्षण ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कोणताच धर्म न मानणारा अशा सर्वांना मिळावे हाच हेतू होता.

हेच जेफरसन १७६५ मध्ये कायद्याचे विद्यार्थी असताना त्यांनी जॉर्ज सेल यांनी इंग्रजीत भाषांतरित केलेले कुराण विकत घेतले होते. ते स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते, हा त्यांच्या चरित्रावरील डाग इतिहास पुसू शकत नाही. परंतु ज्या धर्माचे आपण नाही, त्याचा ग्रंथ वाचून पाहावा ही जिज्ञासा त्यांच्या ठायी होती. निवडणुकीत जेफरसन व त्यांचेच सहकारी आरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तेथे छत्तिसाव्या फेरीत, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, जेफरसन विजयी झाले. कोप झाला नाही. देश चालत राहिला.

स्मिथ यांचा पराभव

यानंतर सव्वाशे वर्षांनी प्रश्न आला तो कॅथॉलिकांचा. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ हे गरीब वस्तीत वाढलेले, चार वेळा गव्हर्नर म्हणून निवडून आलेले कर्तबगार गृहस्थ. १९२७ साली एका वकिलाने मासिकातून त्यांना जाहीर पत्र लिहिले. कॅथॉलिक मनुष्य पोपची आज्ञा मानणार की घटनेची, असा त्याचा रोख होता. स्मिथ यांनी सविस्तर उत्तर दिले, की इतकी वर्षे राज्यकारभार करताना धर्म आणि कर्तव्य यांत मला कधी विरोध आढळला नाही.

उत्तर चोख होते, पण ते सर्वांपर्यंत पोहोचले नाही. १९२८ च्या प्रचारात अफवांना ऊत आला. कू क्लक्स क्लॅन या द्वेषमूलक संघटनेने त्यांच्याविरुद्ध रान उठविले. स्मिथ यांना ८७ आणि हर्बर्ट हूव्हर यांना ४४४ निर्वाचक मते मिळाली. या पराभवाला धर्म हेच एकमेव कारण होते असे म्हणणे योग्य होणार नाही. देशात त्या वेळी सुबत्ता होती आणि स्मिथ दारूबंदीच्या विरुद्ध होते. तरीही कॅथॉलिक मनुष्य अध्यक्ष होऊ शकत नाही, हा समज पुढे बत्तीस वर्षे दोन्ही पक्षांत ठाण मांडून बसला.

केनेडी विरोधकांच्या सभेत

हा समज मोडला जॉन केनेडी यांनी. १९६० च्या मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनिया या बहुसंख्य प्रॉटेस्टंट वस्तीच्या राज्यातील पक्षांतर्गत निवडणूक त्यांनी जिंकली. तरी शंका संपल्या नाहीत. सप्टेंबरात काही नामांकित प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनी कॅथॉलिक अध्यक्षाविरुद्ध पत्रक काढले. तेव्हा केनेडी यांनी १२ सप्टेंबर १९६० रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या संघटनेचे निमंत्रण स्वीकारले. आपल्याविषयी साशंक असलेल्यांच्याच सभेत ते उभे राहिले.

ते काय बोलले? मी कॅथॉलिकांचा उमेदवार नाही, मी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथॉलिक आहे. धर्मसंस्था व शासन यांची पूर्ण फारकत असावी असे मी मानतो. माझा विवेक आणि माझे पद यांत कधी विरोध आलाच, तर मी पद सोडीन. आज संशयाचे बोट कॅथॉलिकांकडे आहे, ते उद्या ज्यू, क्वेकर वा बाप्टिस्ट यांच्याकडे वळेल. व्हर्जिनियात एके काळी बाप्टिस्ट उपदेशकांचाच छळ झाला आणि त्यातूनच जेफरसन यांचा कायदा जन्मला, याची आठवणही त्यांनी बाप्टिस्टांना करून दिली. भाषण संपल्यावर त्यांनी एकामागून एक बोचरे प्रश्न ऐकले व शांतपणे उत्तरे दिली. हे सारे टेलिव्हिजनवर दाखविले गेले.

दोनच आठवड्यांनी, २६ सप्टेंबरला, शिकागो येथे केनेडी व रिचर्ड निक्सन समोरासमोर उभे राहिले. दोन प्रमुख पक्षांच्या अध्यक्षीय उमेदवारांचा टेलिव्हिजनवरील हा पहिला वाद होता. सुमारे सात कोटी लोकांनी तो पाहिला. या वादाविषयी लिहिताना निक्सन यांचा आजारी चेहरा आणि केनेडी यांचे तेजस्वी रूप यांचेच वर्णन बहुधा येते. परंतु शिक्षणसंस्थेच्या वाचकांनी दुसरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या रात्री शिक्षकांच्या पगारासाठी मध्यवर्ती सरकारने पैसा द्यावा की नाही, यावर दोघांत खडाजंगी झाली. निक्सन यांनी धर्माचा मुद्दा आपण काढणार नाही असे जाहीर केले होते, आणि हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. उमेदवाराचा पंथ बाजूला राहून गुरुजींचा पगार चर्चेत आला, हीच लोकशाहीची खरी प्रगती नव्हे काय?

नोव्हेंबरात केनेडी निवडून आले. जवळजवळ सात कोटी मतदारांत आघाडी सव्वा लाखाहूनही कमी होती. लँकेस्टर यांनी चारशे-पाचशे वर्षे म्हटले होते. कॅथॉलिकांच्या बाबतीत ती १७२ वर्षेच ठरली.

'असला, तर काय झाले?'

२००८ साली बराक ओबामा उभे राहिले तेव्हा ते छुपे मुसलमान आहेत अशी अफवा पसरविण्यात आली. ते ख्रिस्ती होते व आहेत. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांच्या सभेत एका बाईने ओबामा अरब असल्याचे म्हटले. मॅकेन यांनी तिच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला आणि ते एक सभ्य कुटुंबवत्सल नागरिक आहेत, आमचे फक्त मतभेद आहेत, असे सांगितले. हे सौजन्य खरेच. परंतु मुसलमान किंवा अरब असणे सभ्यतेच्या विरुद्ध आहे काय, हा प्रश्न तसाच उरला.

तो विचारला कॉलिन पॉवेल यांनी. ते निवृत्त सेनापती, माजी परराष्ट्रमंत्री आणि मॅकेन यांच्याच पक्षाचे. १९ ऑक्टोबर २००८ रोजी टेलिव्हिजनवर ते म्हणाले, की ओबामा मुसलमान नाहीत हे उत्तर बरोबर आहे. पण खरे उत्तर आहे, असले तर काय झाले? या देशात मुसलमान असण्यात काही चूक आहे काय? सात वर्षांच्या एखाद्या मुसलमान अमेरिकन मुलाने आपण अध्यक्ष होऊ असे मानण्यात गैर ते काय? मग त्यांनी एका छायाचित्राची हकिगत सांगितली. इराकच्या युद्धात विसाव्या वर्षी मरण पावलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या कबरीवर त्याची आई डोके टेकून बसली होती आणि त्या दगडावर चांद-तारा कोरलेला होता.

त्याआधी, २००७ च्या जानेवारीत, काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुसलमान सभासद कीथ एलिसन यांनी समारंभपूर्वक शपथ घेतली होती. त्यासाठी काँग्रेसच्या ग्रंथालयातून एक ग्रंथ आणविला होता. तो जेफरसन यांनी विकत घेतलेला कुराणच होता.

आपण काय घ्यावे?

विद्यार्थी मित्रहो, आपल्या घटनेनेही सरकारी पदासाठी धर्माचा भेद मानलेला नाही, आणि मंत्र्यांच्या व प्रतिनिधींच्या शपथेत ईश्वरसाक्ष शपथ वा गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन्ही मार्ग ठेवले आहेत. १९६७ साली डॉ. झाकिर हुसेन राष्ट्रपती झाले. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ जामिया मिल्लियात शिक्षणकार्यात गेला होता, हे आपण विसरू नये.

परंतु कायद्याने दिलेले दार स्वतः चालत जाऊनच ओलांडावे लागते. स्मिथ यांचे उत्तर कागदावर राहिले. केनेडी मात्र शंका घेणाऱ्यांच्या समोर जाऊन, न रागावता, पूर्ण तयारीने बोलले. अशी तयारी शाळेतील वक्तृत्वस्पर्धेत, ग्रंथालयात आणि शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलण्यात होते.

पालकांनाही एक विनंती. उमेदवार आपल्या धर्माचा आहे एवढ्याने मत देणे आणि परधर्माचा आहे एवढ्याने नाकारणे, ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत. त्याने शाळेसाठी काय केले, दवाखान्यासाठी काय केले, दिलेला शब्द पाळला की नाही, हे मुलांसमोर मोठ्याने विचारा. मुले ऐकत असतात. उद्याचे मतदार तीच आहेत आणि उद्याचे उमेदवारही.